जुन्या इंग्रजी कागदांतील शब्दांचा अर्थ कसा लावावा

कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना, किंवा वाड्यातल्या जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या काळचे इंग्रजी कागद सापडलेल्यांना, आज न ना उद्या अशा शब्दांशी गाठ पडते, की जे मोबाइलवरच्या भाषांतरात एकतर सापडत नाहीत किंवा भलताच अर्थ घेऊन येतात. अशा वेळी शब्दकोश उघडण्याआधी कागदाचा काळ ठरवावा. मजकूर १८१२ च्या कंपनी सरकारशी झालेल्या तहाचा आहे, की १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूरच्या गॅझेटिअरमधला आहे, हे कळल्याशिवाय कोणता अर्थ घ्यायचा याचा निर्णय करता येत नाही. तारीख फाटून गेली असेल, तर मजकुरात आलेल्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून किंवा प्रसंगावरून अंदाज बांधावा.

त्यानंतर शब्द जसा आहे तसा, एकही अक्षर न सुधारता, संपूर्ण वाक्यासह उतरवून घ्यावा. १८०० च्या आसपासपर्यंतच्या छापील इंग्रजीत शब्दाच्या आरंभी व मध्ये येणारा ‘एस’ लांबट वळणाने छापत आणि तो जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो. त्यामुळे ‘सेल’ (जहाजाचे शीड) हा शब्द ‘फेल’ असा वाचला जाऊन शिडाचे अपयश होते. हस्तलिखितांत हे वळण पुढेही काही काळ टिकले, विशेषतः ‘एस’ जोडीने आला असेल तेथे.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात: तो शब्द मुळात इंग्रजी आहे का, हे तपासावे. कंपनीच्या काळातले साहेब लोक आपल्याकडचे शब्द कानाला जसे ऐकू आले तसे लिहीत. आपल्या ऱ्हस्व ‘अ’साठी ते ‘यू’ लिहीत, ‘ऊ’साठी दोन ‘ओ’ आणि ‘ई’साठी दोन ‘ई’. एखाद्या किल्ल्याच्या वेढ्याच्या हकिकतीत ‘सी-ओ-डब्ल्यू-एल-ई’ असे लिहिलेला शब्द घेऊ. इंग्रजी कोशात तो पाहिला, तर ख्रिस्ती मठवाश्याचे डोके झाकणारे कुंचीसारखे वस्त्र असा अर्थ हाती येतो आणि वेढ्यात हे वस्त्र कोठून आले, ते कळेनासे होते. तोच शब्द मोठ्याने वाचला, की तो आपला ‘कौल’ निघतो: अभयपत्र, किंवा जमीन कसायला देतानाचा लेखी करार. करवीरच्या माणसाला देवीचा कौल आणि घरावरचे कौलही चटकन आठवेल; परंतु वाक्यात वेढा आणि किल्लेदार असताना ते अर्थ बाजूला ठेवावेत. अशा शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश पाहावा. महसूल व न्यायाच्या संज्ञांसाठी विल्सनचा १८५५ सालचा कोश आहे. मूळ मराठी रूप ओळखता आले, तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती पाहिल्यास त्या काळचा अर्थ मिळतो.

शब्द इंग्रजीच ठरला, तर अर्थांचा क्रम काळानुसार लावलेला कोश घ्यावा. १८८४ पासून भागाभागाने निघून १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात सर्वांत जुना अर्थ आधी येतो आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणे असतात. विद्यार्थ्यांच्या कोशात मात्र आज रूढ असलेला अर्थ आधी असतो. या कामाला तो उपयोगाचा नाही. मोठा कोश इंटरनेटवर वर्गणी भरून पाहावा लागतो. जॉन्सनचा १७५५ चा कोश, हॉब्सन-जॉब्सन आणि मोल्सवर्थ हे मात्र फुकट उपलब्ध आहेत. पुस्तकच हाताळायचे असेल, तर १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी.

खरी फसगत ओळखीचे वाटणारे शब्द करतात, कारण त्यांच्यासाठी कोणी कोश उघडतच नाही. इंग्लंडमधल्या लेखनात ‘कॉर्न’ म्हणजे सर्वसाधारण धान्य, बहुधा गहू. ते ‘मका’ असे उतरवले, की शेतीचा सगळा हिशेब चुकतो. दरबारातला ‘रेसिडेंट’ हा रहिवासी नसून इंग्रज सरकारचा प्रतिनिधी असे. ‘पोलिटिकल एजंट’ मधल्या ‘पोलिटिकल’चा निवडणुकीच्या राजकारणाशी संबंध नाही, संस्थानांशी व्यवहार पाहणारे ते सरकारी खाते होते. ‘लेट’ म्हणजे अडथळा, हा जुना अर्थ तर आपल्या पासपोर्टमधील राष्ट्रपतींच्या नावे केलेल्या विनंतीत अजून टिकून आहे. मृत्यूच्या नोंदींत ‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय, ‘एग्यू’ म्हणजे हिवताप आणि ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगात पाणी साठून आलेली सूज.

पत्रांतील तारखांचे संक्षेप वेगळे लक्षात ठेवावेत. १२ मार्चच्या पत्रात ‘४ इन्स्टंट’ असेल तर ४ मार्च, ‘२० अल्टिमो’ असेल तर २० फेब्रुवारी आणि ‘५ प्रॉक्सिमो’ असेल तर ५ एप्रिल समजावा.

मिळालेला अर्थ मूळ वाक्यात घालून वाचावा आणि त्याच कागदात तो शब्द अन्यत्र आला असेल, तर तेथेही बसतो का ते पाहावे. दोन अर्थ सारखेच बसत असतील, तर दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. एक निवडून दुसरा दडवू नये. कागद इनामाचा किंवा जमिनीच्या वादातला असेल, तर ‘मेस्युएज’ म्हणजे आवार व जोडइमारतींसह राहते घर, ‘हेरेडिटामेंट्स’ म्हणजे वारसाने मिळू शकणारी मालमत्ता, एवढे समजून घेण्यास हरकत नाही. परंतु न्यायालयात दाखल करायचे भाषांतर जाणत्या वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज देऊ नये.