तुमच्या ॲपची सर्व्हिस खरंच रेस्टफुल आहे का, कसं तपासायचं

ॲपमधून जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची एक पद्धत) येतं-जातं म्हणजे आपली सर्व्हिस रेस्टफुल, असं बरेच जण धरूनच चालतात. जेसनचा इथे काही संबंध नाही. रॉय फील्डिंगने २००० साली पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट मांडलं तेव्हा जेसन हे नाव रुळलंही नव्हतं. रेस्ट म्हणजे ॲप आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलताना पाळायच्या काही अटी. त्या आपण पाळतो का हे बघायला चार्ल्ससारखा प्रॉक्सी (ॲप आणि सर्व्हरच्या मधे बसून त्यांचं बोलणं दाखवणारा प्रोग्रॅम) लावा, ॲप चालवा आणि जाणारे-येणारे कॉल नीट वाचा.

समजा डबे मागवायचं ॲप आहे. सगळे कॉल एकाच पत्त्यावर (यूआरएलवर) पोस्ट होतायत आणि बॉडीत, म्हणजे सोबतच्या मजकुरात, "ऑर्डर रद्द कर" असं काम लिहिलेलं असेल, तर ते आरपीसी झालं, म्हणजे दूरच्या सर्व्हरला थेट काम सांगणं. वाईट नाही, पण रेस्टही नाही. रेस्टमध्ये ऑर्डर क्रमांक ४२ या वस्तूला स्वतःचा पत्ता असतो, आणि तिचं काय करायचं ते एचटीटीपीच्या (वेबवर बोलायच्या नियमांच्या) मेथड सांगतात: गेट म्हणजे वाच, पुट म्हणजे या पत्त्यावर हे ठेव, पोस्ट म्हणजे हे घे आणि काम कर, डिलीट म्हणजे काढून टाक. (पत्त्यात ऑर्डर एकवचनी की अनेकवचनी यावर मीटिंगा होतात, त्याने काडीचा फरक पडत नाही.)

मोबाइलवर सगळ्यात जास्त त्रास होतो तो या मेथड चुकल्या की. गेटने सर्व्हरवरचं काही बदलायचं नाही. पुट आणि डिलीट दहा वेळा केलं तरी सर्व्हरवर परिणाम एकदाच केल्यासारखा, पोस्टची मात्र तशी हमी नाही. आता लोकलमध्ये बसलेल्या माणसाने ऑर्डर दाबली, रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली, उत्तर यायच्या आत रेंज गेली, ॲपने परत प्रयत्न केला, झाले दोन डबे. यावर सोपा उपाय म्हणजे ऑर्डरचा यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांबलचक क्रमांक) ॲपनेच तयार करायचा आणि त्याच पत्त्यावर पुट करायचं, मग कितीही वेळा पाठवा, ऑर्डर एकच.

पुढची अट स्टेटलेस. टोकनसकट (लॉगिन केल्याचा पुरावा) लागेल ते सगळं प्रत्येक रिक्वेस्टमध्येच हवं, मागच्या स्क्रीनवर काय झालं ते सर्व्हरने लक्षात ठेवायचं नाही. तपासायचं कसं? डबा पोचवायचा पत्ता निवडला की पैसे भरायच्या आधी सर्व्हर रिस्टार्ट करा. ॲप गडबडलं तर कुठेतरी मेमरीत सेशन लपलंय. कार्ट डेटाबेसमध्ये आहे आणि तिला स्वतःचा पत्ता आहे, तर ते चालतं.

कॅशसाठी, म्हणजे आधीचं उत्तर साठवून परत वापरण्यासाठी, मेनूच्या उत्तरात ईटॅग (त्या उत्तराच्या आवृत्तीची खूण) आहे का बघा. ॲपने पुढच्या वेळी तो परत पाठवला आणि मेनू बदललेला नसेल, तर सर्व्हर नुसतं ३०४ ("काही बदललं नाही" हा कोड) देतो, बॉडी नाही, त्यामुळे डेटाची बचत होते. आणि चूक झाली तरी २०० ("सगळं ठीक" हा कोड) देऊन आत "एरर ट्रू" लिहायची सवय असेल तर ती सोडा, कारण मधल्या प्रॉक्सीला आणि कॅशला फक्त २०० दिसतं.

राहिली ती अट जी जवळजवळ सगळेच गाळतात, हायपरमीडिया. उत्तरातच पुढे काय करता येईल त्याच्या लिंक हव्यात. याशिवाय एपीआयला (सर्व्हरशी बोलायची ॲपची ठरलेली पद्धत) रेस्ट म्हणू नका, असं फील्डिंगने २००८ मध्ये वैतागूनच लिहिलं होतं. मला वाटतं वेबसाइटपेक्षा ॲपलाच याची गरज जास्त आहे, कारण वेबसाइट आज बदलली की सगळ्यांना आजच नवीन दिसते, ॲपची जुनी व्हर्जन मात्र लोकांच्या फोनमध्ये महिनोन् महिने पडून असतात. "डबा बनायला लागला की रद्द करता येणार नाही" हा नियम ॲपच्या कोडमध्ये लिहिला आणि उद्या तो बदलला, की जुन्या फोनवर चुकीचं बटण दिसत राहणार. त्यापेक्षा रद्द करता येत असेल तेव्हाच सर्व्हरने "रद्द" नावाची लिंक पाठवायची, ॲपने लिंक असेल तरच बटण दाखवायचं. ॲप आणि सर्व्हर दोन्ही एकाच टीमकडे असतील आणि फोर्स अपडेट करता येत असेल तर हे टाळलंत तरी निभावतं, फक्त मग त्याला सरळ एचटीटीपी एपीआय म्हणा.

चालू सर्व्हिसमध्ये या लिंक नंतरही घालता येतात, पण त्याआधी जुन्या व्हर्जनचा पार्सर (आलेलं उत्तर वाचून त्यातली फील्ड वेगळी करणारा कोड) तपासा. स्विफ्टचं कोडेबल आणि अँड्रॉइडवरचं जीसॉन अनोळखी फील्ड मुकाट सोडून देतात, कोटलिनएक्स सिरियलायझेशन मात्र तशी सेटिंग केली नसेल तर एरर फेकतं.