लोणारला गट नेताय? आदल्या संध्याकाळी देऊळ, सकाळी विवर

चाळीस माणसं विवराच्या काठावर उभी केली की माहिती फक्त पुढच्या दहांना ऐकू येते. बाकीचे सेल्फी काढतात. त्यापेक्षा असं करा.

१. आदल्या संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. लवणासुरवधाचं शिल्प छतावर आहे. चार-पाच जणांत एक हातआरसा द्या, आरसा आडवा धरून बघितलं की मान दुखत नाही.

२. ‘लीळाचरित्र’ या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथातल्या लोणारच्या लीळा, म्हणजे तिथले प्रसंग, मोठ्या अक्षरात चिठ्ठ्यांवर छापून तिथेच वाटा. प्रत्येक टोळीनं आपली चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. यादवकालीन मराठी डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

३. उजाडताच विवरात उतरा. लाल लिटमस कागद सरोवराच्या पाण्यात बुडवला की निळा होतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी; मुलं तर कागद संपेपर्यंत थांबत नाहीत! मग वर ‘धार’ या झऱ्याचं गोडं पाणी दाखवा. एकाच विवरात दोन तऱ्हेची पाणी.

४. सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या नवरात्रातल्या यात्रेबद्दल सोबतच्या गावकऱ्याला बोलू द्या, आपण गप्प बसा.

हे अभयारण्य आहे. दगड खिशात घालू नका, आणि वापरलेले लिटमसचे कागद पिशवीत परत आणा.