आर्द्रता मोजताना ओला फुगा का फसवतो

हाताने गरगर फिरवायच्या, म्हणजे फिरत्या आर्द्रतामापकात दोन तापमापक असतात. एकाचा फुगा, म्हणजे पारा साठलेले खालचे टोक, कोरडा असतो, तर दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीचे ओले कापड गुंडाळलेले असते. पाण्याचे बाष्पीभवन होताना फुग्याची उष्णता खर्ची पडते, म्हणून हवा जितकी कोरडी, तितके ओल्या तापमापकाचे तापमान खाली जाते. कोरड्या तापमापकाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे, एवढे पुरे.

सगळी गोम ओल्या फुग्यात आहे. ‘कापड भिजवा आणि आकडा वाचा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला निरुपयोगी आहे, कारण स्थिर हवेत फुग्याभोवती त्याच्याच बाष्पाचे आवरण साचते आणि तापमान पुरेसे उतरत नाही. फुग्यावरून सेकंदाला किमान तीन-चार मीटर वेगाने हवा वाहिली पाहिजे. त्यासाठी उपकरण सेकंदाला दोन-तीन फेऱ्यांच्या गतीने निदान एक मिनिट फिरवावे, थांबताच ओला तापमापक आधी वाचावा आणि सलग दोन वाचने जुळेपर्यंत हे पुन्हा करावे. सुरुवातीला मी उपकरण थांबवून मग खिशात चष्मा शोधत असे. तेवढ्या वेळात पारा चढू लागे आणि माझ्या नोंदवहीत हवा रोज दमट निघे. आता चष्मा आधीच नाकावर असतो आणि वाचताना मी श्वास रोखतो, कारण उच्छ्वास उबदारही असतो आणि दमटही.

दुसरा दोष कापडाचा. नव्या कापडातील खळ साबणाच्या गरम पाण्याने धुऊन काढली नाही, तर ते पाणी नीट शोषत नाही. आणि नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्षार धाग्यांत साठतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे, तेही आसपासच्या हवेच्या तापमानाचे, आणि कापड मळकट दिसण्याची वाट न पाहता बदलावे. यातील जवळपास प्रत्येक चूक आकडा वरच नेते, म्हणून नीट भिजलेल्या फुग्याच्या वाचनांत वाद पडल्यास मी सर्वांत कमी आकडा ग्राह्य धरतो.

पुढचे गणित सोपे आहे. समजा कोरडे तापमान ३० अंश सेल्सिअस, ओले २४ आणि हवेचा दाब १,००० हेक्टोपास्कल आहे. २४ अंशांवरील संपृक्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या बाष्पाचा दाब, २९.८ हेक्टोपास्कल असतो. त्यातून दोन तापमानांतील फरकाची (६ अंशांची) ०.६६ पट, म्हणजे सुमारे ४, वजा केल्यास २५.८ उरतात. ३० अंशांवर संपृक्त बाष्पदाब ४२.४ असल्याने सापेक्ष आर्द्रता, म्हणजे २५.८ भागिले ४२.४, सुमारे ६१ टक्के येते. ओला आकडा चुकून २५ वाचला असता, तर तीच ६७ टक्के आली असती. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्यामुळे ०.६६ हा गुणकही त्याच प्रमाणात घटतो, तेव्हा तेथे आधी वायुदाबमापक वाचून घ्यावा.