घरगुती ग्रॅव्हिटी ड्रेज: पाणी तुटतंय, खडी अडकतेय? पाईप बदलण्याआधी या चुका तपासा

इंजिन नाही, पंप नाही. उताराच्या जोरावर पाण्याबरोबर वाळू-खडी ओढून घेणारा एक पाईप आणि त्याच्या शेवटाला जड कण धरून ठेवणारी पन्हळ, म्हणजे ग्रॅव्हिटी ड्रेज. अमेरिका-ऑस्ट्रेलियातले हौशी लोक ओढ्यात तो लावून सोनं शोधतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही बऱ्याच जणांचे हात शिवशिवतात, माझेही शिवशिवले. आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याला, दोन टप्प्यांचं. वरच्या टप्प्यावर दहा बाय आठचा, चार फूट खोल हौद आणि खाली ऊस. हौदाच्या तळाला वाळू-खडी टाकायची, सायफनने (पाण्याने भरलेला पाईप भिंतीवरून खाली सोडला की पाणी आपोआप खेचलं जातं, त्याने) ती भिंतीवरून ओढून खाली पन्हळीत सोडायची आणि पाणी सरीला जाऊ द्यायचं, अशी मांडणी केली.

पहिले पंधरा दिवस काहीच धड चाललं नाही. पाईप लहान पडतोय असं वाटून मी अडीच इंचीचा भाव काढायला उद्यमनगरात जाऊन आलो. पाईप पुरेसा होता. चुका दुसरीकडेच होत्या, आणि सायफनवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच चुका करतो.

नदीत लावायचा नाही

हे आधी सांगतो, कारण यात चूक झाली तर बाकीचं वाचून उपयोग नाही. पंचगंगा असो, भोगावती असो की गावाकडचा ओढा, तिथे हा पाईप लावू नका. वाळू हे गौण खनिज आहे आणि परवान्याशिवाय ती काढली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड बसतो. सोनं तर गौण खनिजातही येत नाही. खाण आणि खनिजे कायदा, १९५७ प्रमाणे सोनं काढायलाच काय, त्याचा शोध घ्यायलाही परवाना लागतो. "मोटर नाही, नुसता उतार आहे" ही सबब चालत नाही. कॅलिफोर्नियात सोन्याचा एवढा इतिहास, तरी तिथेही २००९ मध्ये सक्शन ड्रेजिंगवर, म्हणजे यंत्राने पाईपातून नदीतळाची वाळू ओढण्यावर बंदी आली. साल्मन माशांची वीण आणि जुन्या खाणकामापासून गाळात बसलेला पारा, अशी काळजी त्यामागे होती.

शिवाय आपल्याकडचा दगड बघा. कोल्हापूरचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळ्या बेसॉल्टचा. सोनं सापडतं ते रायचूरकडच्या हट्टीसारख्या, त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. आपल्या महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा नोंदल्या आहेत त्या नागपूर-भंडाऱ्याकडे. पन्हळीत काळी चकचकीत वाळू साठली की नवख्याला वाटतं, सोनं जवळ आलं. कॅलिफोर्नियात ही वाळू सोन्याची सोबतीण असते. आपल्याकडे ती बेसॉल्ट झिजून निघालेली मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजं असतात, इतकंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक गुंडाळून फिरवा, त्यातली मॅग्नेटाइट लगेच चिकटेल.

मग हे करायचंच कशाला? यंत्र शिकण्यासाठी, आणि गुजरीसाठी, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारासाठी. गुजरीचा मुद्दा शेवटी येतो.

उंची चुकीच्या जागेवरून मोजणे

मी पाईपचं तोंड हौदाच्या तळाशी, चार फूट खोल ठेवलं होतं. तेवढ्या खोलीचा दाब मिळेल असा माझा समज. तो दाब मिळत नाही. सायफनला जोर मिळतो तो हौदातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून खालच्या बाजूच्या पाण्याच्या पातळीपर्यंतच्या फरकाचा. तोंड पाण्यात दोन इंच बुडवा की चार फूट, जोर तेवढाच राहतो.

हा फरक डोळ्यांनी अंदाजे धरू नका. उताराच्या रानात डोळा फार फसवतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब आणा, एक टोक हौदाच्या पाण्याला लावा, दुसरं पन्हळीपाशी धरा आणि टेपने मोजा. मला सात फूट वाटत होते, भरले पाच.

पाच फूट म्हणजे दीड मीटर, आणि तेवढे पुरतात. आतून गुळगुळीत असलेला २ इंची, १५ मीटर लांब पाईप असेल तर दीड मीटर फरकावर पाणी सेकंदाला साधारण २ मीटर वेगाने धावतं, म्हणजे सेकंदाला जवळपास ४ लिटर. बोराएवढी खडी एवढ्या पाण्यात आरामात येते. तोच पाईप आतून वळ्यावळ्यांचा असेल तर घर्षणामुळे वेग सव्वा मीटरवर येतो आणि खडी वाटेतच बसते. हिरवा सक्शन पाईप घेताना म्हणूनच आत बोट घालून बघा. बाहेरून वळ्या असल्या तरी चालतील, आतून हात घसरला पाहिजे. लांबीही गरजेपुरतीच ठेवा. उरलेला पाईप वेटोळं करून ठेवला की तो फुकटचा वेग खातो.

आणखी एक गोष्ट. सेकंदाला ४ लिटर म्हणजे हजार लिटरची टाकी चार-सव्वाचार मिनिटांत रिकामी होते. आमचा नऊ हजार लिटरचा हौदसुद्धा पाऊण तासाच्या आत तळ गाठायचा, आणि पातळी उतरेल तसा जोरही उतरायचा. "सुरुवातीला छान चालतं, मग मंदावतं" अशी तक्रार असेल तर आधी हौदाची पातळी बघा. विहिरीची मोटर चालू ठेवून पातळी टिकवली की हा आजार जातो.

हवा

ज्याचा सायफन तुटतो, त्याच्याकडे दहापैकी नऊ वेळा हवा शिरलेली असते. माझ्याकडे पाणी चार-पाच मिनिटं चालायचं, मग गुळगुळ आवाज यायचा आणि धार तुटायची. प्रत्येक जोड हाताने चाचपला, कुठे ओल नव्हती. गळती नाही म्हणून मी निश्चिंत होतो.

आमच्या भागात मोटारी बसवणाऱ्या एका फिटरमामांना बोलावलं. ते भिंतीवरच्या क्लॅम्पपाशी कान लावून बसले आणि म्हणाले, "गळत न्हाई बाळा, हे हवा पितंय." भांडी घासायच्या साबणाचा फेस करून त्यांनी क्लॅम्पभोवती थापला. फेस तसाच राहील असं मला वाटलं होतं. डोळ्यांदेखत एका जागी त्याला खळगा पडला, मोहरीएवढा, आणि फेस त्यातून आत सरकायला लागला. क्लॅम्पचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता.

भिंतीवरून जाणाऱ्या भागात पाईपच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथल्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ओल शोधून काही सापडत नाही. फेसच लावावा लागतो, आणि तोही पाणी चालू असताना. आता माझ्या प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प आहेत, स्क्रू समोरासमोर, आणि वरून सायकलची ट्यूब ताणून गुंडाळलेली.

पाईप भरताना राहिलेली हवा हे दुसरं कारण. तोंडाने ओढून सायफन सुरू करणं पाण्याच्या बारीक नळीला जमतं, २ इंची पाईपला ते होत नाही. भिंतीवरच्या सर्वांत उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह. पाईपच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद, हौदातलं तोंड बूच लावून पाण्याखाली, आणि टीमधून मापाने पाणी ओता. २ इंची, १५ मीटर पाईपात सुमारे ३० लिटर पाणी मावतं. बावीस लिटरलाच पाणी टीच्या तोंडाशी आलं तर आठ लिटर हवा आत दडून बसलीय असं धरा. पाईप हलवा, पायाने दाबत खालून वर या, बुडबुडे बाहेर पडू द्या. मग टी बंद, पाण्याखाली बूच काढायचं आणि शेवटी खालचा व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडायचा. हळूहळू उघडलात तर पाईप भरून वाहत नाही.

वाटेत पाईपला दुसरा उंचवटा देऊ नका. बांधावरून गेलेल्या पाईपात तिथेच हवेचा फुगा साठतो. एकच चढ, एकच माथा, मग सरळ उतार.

तिसरी हवा खालच्या तोंडातून शिरते. तोंड उघड्यावर असेल आणि वेग जरा कमी झाला, की पाण्याच्या डोक्यावरून हवा पाईपात वर चढते. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्या, पुढची बाजू कापून तीन इंचांची उंबरठ्यासारखी ठेवा आणि पाईपचं तोंड त्या पाण्यात बुडेल असं बसवा. हवा थांबते, शिवाय धारेचा झोत मोडून पाणी पन्हळीत शांतपणे उतरतं. उंची मोजताना मग या डब्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायची.

खडी अडकते

पाईपचं तोंड पाईपएवढंच ठेवणं ही इथली मूळ चूक. ५० मिलिमीटरच्या तोंडातून ४८ चा दगड आत जातो आणि पहिल्याच वळणावर पाचर होऊन बसतो. तोंडावर ३५-३८ मिलिमीटर भोकाची कडी बसवा. आत शिरेल ते बाहेर पडलंच पाहिजे, असं माप हवं. प्लंबरचे काटकोनी एल्बो वापरू नका. भिंतीवर पाईप मोठ्या गोलाईने वाकवा.

तोंड वाळूत खुपसून धरणं ही त्याच्या खालोखालची चूक. पाईप वाळू ओढत नसतो, पाणी ओढत असतो आणि पाणी वाळू नेत असतं. तोंड वाळूपासून दोन बोटं वर, तिरकं धरून हळूहळू फिरवा. दहा भाग पाण्याला एक भाग वाळू, यापेक्षा जास्त घातलीत तर चढणीच्या भागात ती मागे घसरून खालच्या वाकणात गच्च बसते.

काम थांबवताना तोंड वर उचलून अर्धा मिनिट नुसतं पाणी जाऊ द्या. एकदा घाईत मी व्हॉल्व्ह तसाच बंद केला. रात्रभरात वाळू पाईपात इतकी आवळून बसली, की सकाळी जोड उघडून बांबूने ठोकून काढावी लागली.

पन्हळ

आई तांदूळ रोळायची ते आठवा. पाणी जोरात ओतलं तर तांदळाबरोबर खडेही जातात, हळू ओतलं तर तांदूळ खड्यांपासून सुटत नाहीत. पन्हळीचं गणित तेच. चार फूट लांब, दहा इंच रुंद पन्हळ, तळाला रबरी मॅट, वर आडव्या पट्ट्या. फुटाला एक इंच उतारापासून सुरुवात करा, म्हणजे चार फुटांना चार इंच. मग पट्ट्यांमागे बघा. वाळू घट्ट बसून निपचित पडली असेल तर उतार थोडा वाढवा. मॅट उघडी पडली असेल तर कमी करा. पट्टीमागे वाळू सतत उलटीपालटी होत राहिली पाहिजे.

चिकण माती असेल तर आदल्या रात्री भिजत घाला आणि हाताने कुस्करा. मातीचा गोळा पन्हळीवरून गडगडत जातो आणि जाताना मॅटवरचे जड कण स्वतःला चिकटवून नेतो.

पन्हळ धरतेय की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मासेमारीच्या गळाचं शिसं हातोडीने चेपून तांदळाच्या कणीएवढे २० तुकडे करा, ते हौदातल्या वाळूत मिसळा आणि शेवटी किती सापडले ते मोजा. पाण्याची घनता १ धरली तर शिशाची ११.३, सोन्याची १९.३, साध्या वाळूची २.६५. शिसं निसटलं तर बारीक सोन्याचा भरवसा कसा धरायचा? पहिल्या खेपेला मला मॅटमध्ये ९ सापडले. बाकीचे वाहून गेले म्हणून मी हिरमुसलो होतो. मग तेलाच्या डब्याच्या तळाचा गाळ घोळवला, त्यात ८ निघाले! तोवर प्रत्येक वेळी तो गाळ मी सरीत फेकत होतो. शिसं विषारी आहे, काम झालं की हात साबणाने धुवा आणि उरलेले तुकडेही शोधून काढा. रानात शिसं राहता कामा नये.

गुजरीची माती

कोल्हापुरात सोन्याचा कण हाताला लागेल तो सराफी दुकानांच्या केरात. झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आलेत. गुजरीतल्या एका कारागीर मित्राने मला दोन घमेली झाऱ्याची माती दिली. मी ती उत्साहाने पन्हळीतून काढली आणि हाती फारसं काही आलं नाही. कानशीचा कीस इतका पातळ असतो, की तो पाण्यावर तरंगतच निघून जातो. अशी माती ड्रेजमध्ये घालू नका. ती घमेल्यात, थोड्या पाण्यात, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून घोळवा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि कण तळाला बसतो. पिवळा कण दिसला तर हातोडीने हलका ठोका द्या. सोनं चपटं होतं, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं खनिज) भुगा होतो.

काही जण कीस गोळा करायला पारा वापरायला सांगतात. घरी पाऱ्याला हात लावू नका, आणि तो तापवणं तर मुळीच नको. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि घरातल्या लहान पोरांच्या मेंदूवर तिचा परिणाम सर्वांत आधी होतो.

काम संपलं की पाईपातलं पाणी पूर्ण काढा, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे घाला, नाहीतर उंदीर शिरतात, आणि पाईप सावलीत टांगा. उन्हात पडलेला पाईप वर्षभरात कडक होतो, वाकवला की केसाएवढी चीर जाते. ती चीर नेमकी भिंतीवरच्या वाकणात पडते आणि पुढच्या हंगामात पुन्हा फेस घेऊन शोधत बसावं लागतं.