निसर्गावर गेम करताय? निदान या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी निसर्गावरचा नवा गेम दाखवायला आणतं. चित्रं सुरेख, हेतू चांगला, चुका मात्र त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाटीवर एक आणि गुण भलत्यालाच. ही मी स्वतः केलीय. पक्ष्यांचे फोटो काढायचा गेम होता; फोटोत पक्षी जितका मोठा, तितके गुण जास्त. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, म्हणून गेममध्येही घरटं जमिनीवरच. चाचणीला बसलेली पहिलीच मुलगी तडक घरट्यावर जाऊन उभी राहिली. टिटवी जिवाच्या आकांताने डोक्यावर घिरट्या घालतेय, अंडी उन्हात उघडी, आणि पडद्यावर झळकतंय, 'शाबास! १०० गुण!' सुरुवातीला 'पक्ष्यांना त्रास देऊ नका' अशी पाटी होती हो. तिने ती वाचलीच नाही, आणि का वाचावी? आता माझ्या गेममध्ये पक्षी ओरडला किंवा उडाला की फोटो बाद. पोरं आपोआप झुडपाआड दबा धरून बसतात. गुण कशाला द्यायचे हे मी आधी कागदावर लिहितो, चित्रं मग. 'ते नंतर बघू' म्हणणाऱ्यांचं नंतर कधी उजाडत नाही.

दुसरी चूक, 'गेमच तर आहे' म्हणून तपशिलाकडे काणाडोळा. माइनक्राफ्ट या गेममध्ये २०१७ साली पोपट आले, तेव्हा चाचणी आवृत्तीत ते चॉकलेटची कुकी देऊन माणसाळवता यायचे. चॉकलेट पक्ष्यांना विषारी! पोरं घरच्या पोपटालाही तेच भरवतील, अशी खेळाडूंनी ओरड केली. मग कुकीच्या जागी बिया आल्या, आणि आता कुकी दिली की पोपट मरतो. चूक निस्तरावी तर अशी.

गेममध्ये लांडगा दिसला की अंगावर धावून येतो, हे आता पुरे. खरा लांडगा बहुधा माणूस दिसताच काढता पाय घेतो.

खेळ मध्येच थांबवून प्रश्नमंजुषा नको. २०२१च्या एका अभ्यासात रेड डेड रिडेम्प्शन २ खेळलेल्यांनी न खेळलेल्यांपेक्षा जास्त खरे प्राणी ओळखले, आणि तो गेम काही शिकवायला काढलेला नव्हता.

आणि चाचणीच्या वेळी शेजारी बसून समजावत राहू नका. मी मागे बसतो, वही घेऊन, तोंड मिटून. टिटवीच्या वेळी ते फार जड गेलं होतं.