भंडारदऱ्याला गाडी घेऊन जाताय? मग हे वाचा

मुंबईहून निघणार असाल तर पहाटे ५ लाच निघा, कसारा घाट उन्हं चढायच्या आत पार झाला की अर्धी लढाई जिंकली. घोटीला मिसळ खा आणि टाकी फुल करा, पुढे पंप मिळेल या भरवशावर राहू नका, आम्ही राहिलो होतो आणि शेवटी एसी बंद करून जीव मुठीत धरून परत आलो.

सीझन म्हणाल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला, भात पिवळा पडायला लागलेला, जलाशय तुडुंब. धरणाजवळच्या शेंडी गावातून तळ्याला पूर्ण चक्कर मारा, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. अंतर फार नाही पण खड्डे आणि फोटो मिळून अख्खा दिवस जातो म्हणजे जातोच.

घाटघरच्या कोकणकड्यावर मात्र घाई करू नका. समोरच्या कड्यात आडवे थर दिसतात ना, केक कापल्यासारखे, ते सगळे लाव्हाचे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, आमचा ड्रायव्हर मित्र तिथे पहिल्यांदा १० मिनिटं गप्प बसला. कळसूबाई (१६४६ मीटर) याच दगडाची.

जेवण गावातच आधी फोन करून सांगा, नाचणीची भाकरी न पिठलं. आणि भाताच्या खाचराच्या बांधावर गाडी चढवू नका प्लीज, बांध फुटला की पाणी जातं आणि शिव्या आपल्या सगळ्यांनाच बसतात.