बांगड्यावरच्या उवा नागपुरात कशा शोधायच्या

समुद्र इथून कोसो दूर, पण प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी सागरी उवा (माशांवर जगणारे छोटे कवचधारी परजीवी) हव्या असतील तर 'मंगळवारी' नावाचा बाजार पुरतो. पोरांनो, एवढंच सांगा, "दादा, बांगडा कापू नका, धुऊ नका." दादा हसेल. हसू द्या.

खरी मेख पिशवीतल्या बर्फाच्या पाण्यात आहे. कॅलिगस ही चपटी, काही मिलिमीटरची ऊ मासा मेल्यावर पकड सोडते आणि चिकट पाण्यात उतरते. म्हणून पिशवीतलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळा, गाळ पांढऱ्या बशीत घ्या आणि भिंगाखाली पाहा. मादीच्या मागे अंड्यांच्या दोन लांब दोऱ्या लोंबतात. कपाळाच्या कडेवर दोन चंद्रकोरी चोषक दिसले तर कॅलिगस समजा. सामन माशाला छळणाऱ्या लेपिओफ्थायरस या दुसऱ्या उवेला ते नसतात.

मग कल्ल्याचं झाकण उचला, तोंडही उघडून पाहा. तिथे सात जोड्या पायांचा जाडजूड पांढुरका किडा सापडला, तर ती ऊ नाही, आयसोपॉड म्हणजे वेगळ्या गटातला कवचधारी परजीवी आहे. तो आधी नर असतो, पुढे मादी होतो. व्हायव्हात मी हे हमखास विचारते!

चिमट्याने ओढू नका, पाय तुटतात. ओल्या मऊ ब्रशने उचला आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये पसरते. मासा कोणता, किडा कुठे बसला होता, तारीख.

बांगडा फेकू नका बाप्पा. या उवा माणसाला लागत नाहीत. स्वच्छ धुवा, नीट शिजवा, खा.